पट्टीखालचा सब्र

सब्र हा आपल्याकडे मोठा गुण मानला जातो, आणि तो आहेच. पण दुखणे सहन करणे आणि दुखणे लपवणे यांत काही फरक आहे की नाही? ऑपरेशननंतरची जखम हा प्रश्न आपल्याला सरळ विचारते.

सिझेरियन झालेली सून काही दिवसांत घरी येते. पहिले ४८ तास पट्टी सहसा उघडत नाहीत. तेवढ्यात चिरेच्या कडांवरून कातडीचा नवा पातळ थर सरकत येतो. वरून जखम मिटते, पण तीन आठवड्यांनंतरही तिथे मूळ कातडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकेच बळ आलेले असते. जंतुसंसर्गासाठी डॉक्टर ३० दिवस लक्ष ठेवायला सांगतात, आणि सिझेरियनमध्ये तो बहुधा घरी आल्यावरच दिसतो. पसरत जाणारी लाली, ऊब, सूज, कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, पू, ताप ही त्याची लक्षणे.

ती पाहणार कोण? ओटीपोटावरची चीर स्वतःला नीट दिसत नाही. सासूला दाखवायची शरम, नवऱ्याला सांगावे तर खर्चाची धास्ती. कोणी विचारले की ती म्हणते, "ठीक आहे." आणि घरचे म्हणतात, "किती सब्र आहे पोरीला!"

युरोपात कित्येक शतके जखमेत पू होणे हे बरे होण्याचे लक्षण समजले जाई. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाच्या वापराचे आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि पू न होताही जखम भरते हे हळूहळू सर्वांना पटले. नासण्यालाच बरे होणे समजण्याची ही चूक शरीरापुरती नाही. गप्प बसण्याला सब्र समजणे हीही त्याच जातीची चूक.

कोणी म्हणेल, सारखी पट्टी उचकटून पाहणे हाही जाचच. खरे आहे. विनाकारण उघडली तर जखमेला अपायच होतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितले तेव्हाच, हात धुऊन, तिची परवानगी घेऊन, ती म्हणेल त्या बाईनेच पाहावे. परदा परक्या नजरेपासून असतो, काळजीपासून नसतो.

वर्गात "समजले का?" विचारले की सगळी मुले "हो" म्हणतात. शिक्षक तेवढ्यावर थांबत नाही, वही पाहतो. घरानेही "ठीक आहे" या शब्दावर थांबू नये. वेदनेवर तिने सब्र करावा. तापावर करू नये. आणि ताप आहे का, हे विचारण्याची जबाबदारी घराची आहे.