एकाच जागचा ठिपका

गुऱ्हाळावरचा धूर नुसता धूर नसतो. चुलवाणात जळणाऱ्या चिपाडांची राख, काहिलीवरची चिकट वाफ आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेला धुरळा, सगळं त्यात मिसळलेलं. अंगाला, कपड्याला बसतं तसं ते कॅमेऱ्यातही शिरतं. माझा पुतण्या आमच्या कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांचे फोटो काढत हिंडला. त्या धुरातच लेन्स बदलत होता. घरी येऊन बघतोय तर आभाळभर करडे ठिपके. कुणीतरी म्हणालं, घारी असतील.

"घार जागा बदलती, तात्या," तो मला म्हणाला. "ह्यो ठिपका प्रत्येक फोटोत तिथंच हाय. म्हंजे घाण आभाळात न्हाई, कॅमेऱ्यात हाय."

पूर्वी फिल्म असायची त्या जागी आता सेन्सर असतो. घाण बसते ती त्याच्यावरच्या काचेवर. ती आहे का नाही बघायला लेन्सचं छिद्र बारीक करायचं, सोळा-बावीस आकड्यावर न्यायचं आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा. छिद्र मोठं ठेवलं तर ठिपका विरून जातो. घाण मात्र तिथंच असते. आणखी एक गंमत. ठिपका फोटोत वर दिसला तर घाण काचेवर खाली शोधायची, कारण लेन्स चित्र उलटं पाडते.

पुसायला उतावळा माणूस कामाचा नाही. आधी कॅमेऱ्याचं तोंड खाली करून रबरी फुग्यानं हवा मारायची. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. धूळ तेवढ्यानं पडते, धुराचा चिकटा निघत नाही. त्याला मऊ पट्टी, द्रवाचे एक-दोन थेंब आणि हलका हात. एकदा इकडून तिकडं ओढायची, मग पट्टीची दुसरी बाजू लावून परत. तीच बाजू पुन्हा घासली, तर तिनं उचललेला कणच काचेवर ओरखडा काढतो.

हे बघताना मला एक गुऱ्हाळमालक आठवत होते. पाच हंगामांत चार गुळवे बदलले. चौघं चार गावचे, पण मालकांची तक्रार एकच: गूळ चोरतो. लोक म्हणायचे, बिचाऱ्याचं नशीबच खोटं. आता सलग चार चोर भेटूच शकत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण पुतण्याकडं कॅमेरा रोखायला कोरं आभाळ तरी आहे. मालकांनी काय बघून ताडायचं? समोर येतो तो माणूस. त्याच्या अंगावर त्याचे स्वतःचे डाग असतातच, त्यात आपला कुठला हे कसं निवडायचं?

त्यातला एक गुळवा मला माहीत होता. पाण्यात पाकाची गोळी टाकून, बोटांनी दाबून काहील कधी उतरायची ते सांगायचा. चोर म्हणून नाव झाल्यावर त्याला आसपासच्या एकाही गुऱ्हाळावर कुणी उभं केलं नाही. पन्नाशी उलटल्यावर तो हमालीला लागला.

मालक परवा बाजारात भेटले. म्हणाले, "नवा बी तसलाच निघाला."