मिस्त्रींचा भाव आणि आमचा छंद



आषाढ लागला की आपल्या कर्जत-खालापूरच्या घरांत एक गोष्ट हमखास होते. उन्हाळ्यात बोटाने मिटणारे दार अडकू लागते. लाकूड दमट हवेतले पाणी पिते आणि फुगते. मात्र ते लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढते. म्हणून जुने सुतार दाराच्या चौकटीतली मधली फळी सरस लावून पक्की करीत नसत. ती खाचेत मोकळी बसवीत, म्हणजे पावसात तिला पसरायला आणि चैत्रात आकसायला जागा राही. हे ज्ञान आम्हाला पुस्तकातून मिळाले नाही, एक चूक करून मिळाले. त्या चुकीच्या मागोमाग एक प्रश्न आला, तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की धर्मगुरुनिवासाच्या मागच्या पडवीत आम्ही सुतारकामाचे छोटेसे 'दुकान' थाटले आहे. दुकान हा शब्द आम्ही थट्टेने वापरत होतो. २०२० च्या टाळेबंदीत चर्चचे दार बंद होते आणि हातांना काम नव्हते. तेव्हा एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या आणि गुण्या एवढ्या भांडवलावर सुरुवात झाली. पहिले स्टूल तीन पायांवर उभे राहिले, चौथा हवेत. साग आम्हाला परवडणारा नव्हता, आणि स्वतःच्या जागेतला साग तोडायलाही १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते. पण खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत यंत्रे ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या पाइनच्या फळ्या भंगारात मिळतात. घेताना ठसा पाहावा. 'एचटी' असेल तर ते लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटे तापवलेले असते. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ती फळी घरात आणू नये.

हात थोडा बसला तशी मागणी येऊ लागली. कुणाला देवघराजवळ ठेवायला चौरंग हवा, कुणाला पुस्तकांची मांडणी. आम्ही फक्त सामानाचे पैसे घेत असू. मजुरी घेणे आम्हाला शोभले नसते, असे आम्हाला वाटे. गेल्या वर्षी एका कुटुंबासाठी चपलांचे कपाट केले. लाकूड, बिजागऱ्या आणि फेव्हिकॉल धरून १८०० रुपये झाले.

पावसाळ्यात चर्चचे बाजूचे दार अडकले, म्हणून नेहमीच्या सुतार मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दार उतरवले, फुगलेली कड रंध्याने काढली आणि पाणी प्यायला पडवीत आले. तिथे तयार होऊन पोहोचवायचे राहिलेले कपाट उभे होते. त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि कुणाचे म्हणून विचारले. आम्ही सांगितले. ते म्हणाले, "फादर, त्यांनी मला भाव विचारला होता. मी चार हजार बोललो होतो." एवढेच. आवाजात राग नव्हता. दाराची मजुरी घेऊन ते गेले.

आम्ही चोरी केली नव्हती, कुणाला फसवले नव्हते. मग त्या रात्री झोप का आली नाही?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक भेद पाठ केला होता. माणसाच्या काही कृतींचे साध्य कृतीबाहेर असते. घर बांधणाऱ्याचे साध्य ते घर. काहींचे साध्य त्या कृतीतच असते. परीक्षेत हे लिहून गुण मिळाले, पण खरा अर्थ पडवीत समजला. मिस्त्रींचे कपाट हे कपाटासाठी असते, आणि कपाट घरच्या भातासाठी. आमचे कपाट हे संध्याकाळी दोन तास रंधा फिरवण्यासाठी असते. ढलप्यांचा वास, कुसू भोकात घट्ट बसल्याचा तो बारीक आवाज, यात आमचे साध्य पुरे होते. कपाट त्यातून उरते, भुसा उरतो तसे. छंद असलेल्या माणसाला वस्तू हवी नसते, करणे हवे असते. यात वाईट काही नाही. पण उरलेली वस्तू बाजारात गेली की ती भुसा राहत नाही. तिथे ती मिस्त्रींच्या कपाटाशेजारी उभी राहते, आणि तिच्या किमतीत मजुरीच नसते.

आपण म्हणाल, मोठ्या दुकानातले तयार फर्निचर मिस्त्रींचे काम कधीच घेऊन गेले आहे. फादरांच्या एका कपाटाने काय होते? हा युक्तिवाद आम्हीही स्वतःशी केला. पण कारखानदाराला मजुरी, भाडे, वीज सगळे किमतीत धरावे लागते. आमची मजुरी शून्य असू शकते, कारण आमची भाकरी तुमच्या रविवारच्या दानातून येते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या छंदी माणसाचेही तसेच. शिवाय खरा हिशेब मांडला तर आमचे कपाट स्वस्त नव्हतेच. मिस्त्री ते दोन दिवसांत करतात; आम्हाला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. ते तास मिस्त्रींच्या दराने मोजले असते तर ते आपल्या तालुक्यातले सर्वांत महाग चपलांचे कपाट ठरले असते! खर्च होता, फक्त कागदावर लिहिला नव्हता.

न्याय्य किमतीविषयी लिहिताना संत थॉमस अक्विनास म्हणतात की वस्तू मोलापेक्षा महाग विकणे जसे अन्यायाचे, तसे मोलापेक्षा स्वस्त घेणेही. पण तिथे विचार दोघांचा आहे, घेणारा आणि देणारा. आमच्या व्यवहारात ते दोघेही समाधानी होते. तोटा झाला तो तिसऱ्याचा, जो व्यवहारात नव्हताच. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात मजुरीबद्दल सांगितले की दोन पक्ष राजी झाले म्हणजे न्याय झाला असे होत नाही. कष्टकऱ्याचा साधा संसार त्यावर चालला पाहिजे. आम्ही हे परिपत्रक धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवले आहे. पडवीत मात्र आठवले नाही.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न उठत नसे. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, औत दुरुस्त करायचे आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कामाच्या मागे भाकरी बांधलेली आहे, हे सगळ्या गावाला दिसत होते. आपल्या शेजारच्या कातकरी बांधवांचे नावच खैराच्या लाकडापासून काढायच्या कातावरून आले. जंगलावर सरकारी निर्बंध आले, तो धंदा हातचा गेला, आणि नाव तेवढे मागे राहिले.

संत पौल तंबू करण्याचे काम जाणत होते, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. करिंथमध्ये त्यांनी सुवार्तेसाठी काहीही घेतले नाही. पण करिंथकरांस लिहिताना आधी ते जवळजवळ अर्धा अध्याय खर्चून सांगतात की राबणाऱ्याला वेतनाचा हक्क आहे, आणि मगच, आपण तो सोडत आहोत, असे म्हणतात. हा क्रम आमच्या आधी लक्षात आला नव्हता. आपला हक्क आपण खुशाल सोडावा. दुसऱ्याचा हक्क मात्र आपल्या औदार्याने पातळ होऊ नये, याची ते काळजी घेतात. आम्ही आमची मजुरी सोडली असे समजत होतो. वास्तविक आम्ही मिस्त्रींची सोडली होती.

मग छंद बंद करावा का? आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने एकदा स्वतः भोक पाडून कुसू बसवले, तो सुताराला "एवढ्याशा कामाचे एवढे?" असे पुन्हा विचारू शकत नाही. आमच्या माहितीतला एकही छंदी माणूस मिस्त्रीशी घासाघीस करत नाही. भेट देणेही वाईट नाही. नाताळचा गोठा, लहान मुलाची गाडी, यासाठी कुणी मिस्त्रींकडे गेलेच नसते. अडचण फक्त तिथे आहे, जिथे भाव विचारून झालेला असतो. आता कुणी काही करून मागितले की आम्ही पहिला प्रश्न हाच करतो: मिस्त्रींना विचारलेत का?

त्या कपाटाचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. दाराची मधली फळी आम्ही फेव्हिकॉल लावून चौकटीत पक्की केली होती. श्रावणात ती फुगली, आणि पसरायला जागा न मिळाल्याने चौकटीचा कोपराच उकलला. त्या घरच्यांनी भिडेपोटी आम्हाला कळवले नाही, मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दार खोलले, खाच वाढवली, फळी मोकळी बसवली. हे आम्हाला त्यांनीच सांगितले, आणि पहिल्यांदाच मोकळे हसले.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. वाडीतल्या एका दहावीच्या मुलीला अभ्यासाला टेबल हवे आहे. तिच्या घरून मिस्त्रींना भाव विचारला होता. तो त्यांना झेपणारा नाही. आम्ही मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "तुम्ही करा फादर, माझ्याकडचे सागाचे तुकडे न्या." आम्ही म्हणालो, तुम्ही करा, मजुरी आम्ही देतो. दोघेही आपापल्या जागी अडून बसलो आहोत, आणि मुलगी अजून जमिनीवर बसून अभ्यास करते आहे.

आपला,
धर्मगुरू