वाट कोणी पाहावी?

मराठीत थांबण्यासाठी शब्दांची वाण नाही. वाट पाहणे, प्रतीक्षा करणे, तिष्ठणे, ताटकळणे, खोळंबणे हे सारे शब्द कोशात शेजारी शेजारी बसतात. अनुभवात मात्र त्यांच्यात पुष्कळ अंतर आहे. प्रतीक्षेत ओढ असते आणि येणाऱ्याविषयीचा विश्वास असतो. तिष्ठण्यात कुणाच्या तरी बंद दाराची जाणीव असते. खोळंबणारा मनुष्य स्वतःच्या कामासाठी निघालेला असतो आणि दुसऱ्याच्या कामासाठी अडवला जातो. त्याचे थांबणे हे अन्य कुणी घेतलेल्या निर्णयाचे फळ असते. म्हणूनच खोळंब्याचा विचार करताना धीराची शिकवण पुरत नाही. तेथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. सर्वांनाच एकाच वेळी पुढे जाता येत नसेल, तर थांबायचे कोणी?

मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्गहून नागपूरकडे निघाले की पहिले स्थानक लागते रसमडा. भिलाई-दुर्गच्या औद्योगिक पसाऱ्याची ही पश्चिमेकडची कड. लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशाला हे नाव वाचण्याइतकीही उसंत मिळत नाही. गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी महाराष्ट्राची शीव ओलांडून डोंगरगड-राजनांदगाववरून येणाऱ्या पॅसेंजर गाडीचे तसे नाही. अशा लहान स्थानकांवर तिला बाजूच्या लूप लाइनवर घेतात. शेजारून एखादी जलद गाडी जाते, मग एखादी मालगाडी. डब्यात झाडीबोली आणि छत्तीसगडी एकाच बाकावर बसलेल्या असतात. कोणी कामावर निघालेला, कोणी दवाखान्यात, कोणी लेकीच्या सासरी. कोणी फारसे रागावत नाही. हा शांतपणा पाहून आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही, असा निष्कर्ष काढणारे विद्वान पुष्कळ आहेत. वास्तविक त्या शांतपणात वेळेविषयीची बेफिकिरी नसते. आपल्या तक्रारीने सिग्नल पडणार नाही, हे अनुभवाने आलेले ज्ञान असते.

या मार्गाचा जन्मच मुळी मालासाठी झाला. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे रूळ १८८० च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत पोहोचले, ते छत्तीसगडचे धान्य बाहेरच्या बाजारपेठेला जोडण्यासाठी. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि पूर्वेकडे वाढवला. पुढे भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभर अंथरलेले रूळ मुख्यत्वे याच कारखान्यात घडले आहेत. ज्या भूमीने देशाला धावण्यासाठी रूळ दिले, त्याच भूमीतला साधा प्रवासी रुळांच्या कडेला खोळंबून राहावा, यात विसंगती आहे. पण तिला नुसते हसून चालणार नाही. या रुळांवरूनच कोळसा महाराष्ट्रातील वीजकेंद्रांकडे जातो, आणि त्या विजेवर आपण दिवा लावून हे वाचत असतो.

मालाच्या बाजूने केलेला युक्तिवाद दुबळा नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांतील कोळशाचे साठे घसरले, तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. छत्तीसगडला त्याची मोठी झळ लागली. लक्षावधी घरांतील अंधार एका पारड्यात आणि काही हजार प्रवाशांची गैरसोय दुसऱ्या पारड्यात घातली, तर तराजू कोणत्या बाजूला झुकेल हे सांगायला नको. परंतु अशा हिशेबात एक गोष्ट निसटते. थांबणारी माणसे प्रत्येक वेळी तीच असतात. एकदा मागितलेला त्याग उदात्त असू शकतो. त्याच माणसाकडून रोज मागितलेला त्याग हा कर होतो, आणि तोही कोणत्याही सभागृहाने मंजूर न केलेला.

यावर दुसरा युक्तिवाद येतो. स्वस्त तिकीट घेणाऱ्याने उशीर गृहीत धरलेलाच असतो. तो पैशाऐवजी वेळाने भाडे फेडतो. वरवर पाहता हा करार वाटतो. करारासाठी मात्र दुसरा पर्याय हाताशी असावा लागतो. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या पुन्हा धावू लागल्या, तेव्हा त्यांतील अनेक ‘विशेष’ नाव घेऊन आल्या. थांबे तेच, वेग तोच, भाडे मात्र एक्स्प्रेसचे. २०२४ च्या प्रारंभी जुने भाडे परत येईपर्यंत लोक अधिक पैसे मोजत राहिले आणि खोळंबतही राहिले. भाडे वाढले म्हणून कुणाची पायरी वाढली नाही. म्हणजे थांबण्याचा क्रम तिकिटाच्या किमतीवरून नव्हे, प्रवाशाच्या किमतीवरून ठरतो, असेच म्हणावे लागेल.

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. २०१६ साली एक गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे पुढचे विमान चुकले होते. उशिराचे समर्थनीय कारण रेल्वेला सिद्ध करता येत नसेल तर तिने भरपाई दिली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. प्रवाशाचा वेळ मौल्यवान आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. पण त्या कुटुंबाजवळ हानीचा पुरावा होता: विमानाचे तिकीट होते, टॅक्सीचा खर्च होता. नाक्यावर दहा वाजता पोहोचलेल्या मजुराला मुकादम परत पाठवतो, तेव्हा त्या बुडालेल्या दिवसाची पावती कोण देणार? घड्याळातले तास सर्वांना सारखे असतात. गमावलेल्या तासाचे मोल सारखे नसते. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे, त्याच्याच जवळ पुरावा नसतो.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असे नाही. मेक्सिकोत १९९० नंतरच्या दशकात सरकारी रेल्वेचे खासगीकरण झाले. मालगाड्या धावत राहिल्या, प्रवासी गाड्या मात्र काही तुरळक मार्ग वगळता बंद पडल्या. सामान्य माणूस बसकडे वळला. तेथे बसचेही वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गाची बस हात दाखवील तेथे थांबते, आणि पुढे रस्ता आंदोलकांनी अडवला असेल तर तासन्‌तास उभी राहते. तेथील लोकांच्या तोंडी ‘आओरिता’ असा एक शब्द आहे. आपल्या ‘येईलच आता’ सारखा तो लवचीक आहे. त्याचा अर्थ या क्षणापासून कधीच नाही इथपर्यंत ताणता येतो. उत्तरेकडे निघालेले स्थलांतरित तर मालगाड्यांच्या टपावर बसून जीव धोक्यात घालतात. जेथे मालाला वाट आहे आणि माणसाला नाही, तेथे माणसालाही माल होऊनच प्रवास करावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या देशाच्या सरकारने प्रवासी रेल्वेसेवा ही राष्ट्रीय प्राधान्याची बाब असल्याचे जाहीर केले. प्राधान्य ही निसर्गदत्त गोष्ट नसून ती माणसे ठरवतात आणि बदलू शकतात, एवढे तरी त्यातून दिसते.

खोळंब्याचा आपल्याकडचा आदर्श दाखला पंढरपूरचा. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने साक्षात देवाला थांबवले. त्या कथेतील भक्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यातील न्यायाकडेही पाहावे. पुंडलिकाने दुर्बळांची सेवा आधी ठेवली आणि समर्थाला थांबायला सांगितले. थांबण्याचे कारण लपवले नाही. आणि उभे राहायला वीट दिली. देवाला परत जाण्याची मोकळीक होती, म्हणून त्याच्या थांबण्याला प्रतीक्षेची थोरवी आली.

आपल्या व्यवस्थांनी ही कथा उलटी केली आहे. त्या समर्थाला पुढे काढतात, दुर्बळाला थांबवतात, कारण सांगत नाहीत आणि विटेचीही तजवीज करीत नाहीत. रूळ वाढवल्याने गर्दी थोडी कमी होईल. तरी क्रम लावण्याचे काम संपणार नाही. कोणाला तरी थांबावेच लागेल. तेव्हा निदान इतके मागणे अवास्तव नाही: थांबण्याची पाळी फिरती असावी, थांबवणाऱ्याने कारण आणि अवधी सांगावा, आणि थांबलेल्याला सावली व पाणी मिळावे. काल ज्या गाडीने वाट दिली, तिला आज वाट मिळावी. नियंत्रण कक्षातल्या माणसाला पडद्यावर गाड्यांचे क्रमांक दिसतात. प्रत्येक क्रमांकामागे दहा वाजेपर्यंत कुठे तरी पोहोचायला निघालेली माणसे आहेत, हे त्या क्रम लावण्यात मोजले गेले पाहिजे.