स्मृतीचा दाह

आमचे एक जुने स्नेही आहेत. अठरा वर्षांपूर्वीं त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा विहिरींत बुडाला. अजूनहि बादली पाण्यावर आदळल्याचा आवाज कानीं आला कीं त्यांचे हात थंड पडतात. गेल्या वर्षीं त्यांच्या कन्येनें, जी स्वतः डॉक्टर आहे, त्यांना नेत्रचालनाच्या उपचाराविषयीं सांगितलें. त्यांनीं तो घेण्याचें साफ नाकारलें. "तें दृश्य डोळ्यांपुढें आहे तोंवर तो माझा आहे," असें ते म्हणाले. या वाक्यास काय उत्तर द्यावें हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

उपचार प्रथम ऐकणाऱ्यास हंसूं यावें असाच आहे. १९८७ सालीं फ्रॅन्सिन शपिरो ही अमेरिकन विदुषी एका बागेंत फिरत असतां मनांतील त्रासदायक विचार आपोआप बोथट होत आहेत, आणि त्याच वेळीं आपले डोळे झपाट्यानें इकडून तिकडे हलत आहेत, असें तिच्या ध्यानांत आलें. १९८९ सालीं तिनें २२ जणांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेले सैनिक होते, अत्याचाराला बळी पडलेलीं माणसें होतीं. रीत अशी कीं, पुरेशी पूर्वतयारी झाल्यावर रुग्णानें त्या प्रसंगांतील सर्वांत असह्य चित्र मनांत धरावें, त्या प्रसंगानें स्वतःविषयीं जें वाईट मत रुतून बसलें असेल तें आठवावें, आणि चिकित्सकाचीं बोटें जशीं फिरतील तसे डोळे फिरवावे. मग थांबून मनांत काय आलें तें सांगावें. आणि पुन्हां तेंच.

हें थोतांड आहे काय? हार्व्हर्डचे रिचर्ड मॅकनॅली यांनीं १९९९ सालीं या पद्धतीची तुलना अठराव्या शतकांतील मेस्मरच्या प्राणिचुंबकत्वाशीं केली होती. पुढें २०१३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली. गुण येतो याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. डोळे हलविण्याचा त्यांत वांटा किती, याविषयीं मात्र आहे. एक उपपत्ति अशी कीं, मनाचें तात्कालिक कामाचें मेज अरुंद असतें. त्यावर चित्र आणि बोटें एकाच वेळीं मावत नाहींत, आणि चित्र फिकें पडतें. आमची आजी रडत्या पोराच्या डोळ्यांपुढें किल्ल्यांचा जुडगा हालवीत असे, त्याची आम्हांस आठवण झाली. तें शास्त्र नव्हे, हें आम्ही जाणतों.

परंतु आमच्या स्नेह्यांची हरकत शास्त्राची नव्हती, निष्ठेची होती. दुःख बोथट करणें म्हणजे मृताशीं प्रतारणा करणें, अशी त्यांची भावना. येथें एक भेद केला पाहिजे. हा उपचार स्मृति पुसत नाहीं. जी घटना रुग्णाच्या मनांत वर्तमानकाळीं चालूच आहे, ती तो भूतकाळांत नेऊन ठेवतो. वैयाकरणास हा फरक लहान वाटणार नाहीं. आणि त्या वर्तमानकाळानें स्नेह्यांना काय दिलें? गेल्या अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून आम्हीं विहिरीविषयीं ऐकलें, दोराविषयीं ऐकलें, मुलाविषयीं जवळजवळ कांहींच ऐकलें नाहीं. नऊ वर्षें त्या पांच मिनिटांनीं गिळून टाकलीं आहेत.

यापेक्षां बिकट प्रश्न दुसराच आहे. ज्याच्या हातून खरोखरच अधर्म घडला, त्याचाहि दाह शमवावा काय? युद्धावरून परतलेल्यांत असेहि असतात. द्रौपदीचे पांच पुत्र झोपेंत मारणाऱ्या अश्वत्थाम्याची जखम भरून यावी असें कोण म्हणेल? आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें. पण आपल्या लोककथेंतला अश्वत्थामा दारोदार काय मागत हिंडतो? आपल्या जखमेसाठीं तेल. त्या पांच पोरांचें नांव त्यानें कोणत्या दारीं काढल्याचें आम्हीं तरी ऐकलेलें नाहीं. भळभळणारी जखम माणसाला अपराध्याइतकीच स्वतःत गुंतवून ठेवते. पश्चात्तापाला जी दुसऱ्याकडे पाहणारी नजर लागते, ती तिच्यांत सुचत नाहीं. तरीहि ज्या चिकित्सेनें अपराध्यास "मीं कांहीं केलें नाहीं" असें खोटें समाधान मिळेल, ती आम्हांस मान्य होणार नाहीं. आणि ही रेघ प्रत्येक वेळीं चिकित्सकास ओढतां येईलच, असा भरंवसा आम्ही देऊं शकत नाहीं.

गेल्या महिन्यांत स्नेह्यांकडे गेलों असतां आम्हीं यांतलें कांहींएक बोललों नाहीं. मुलाला काय आवडे, एवढेंच विचारलें. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, चिंचोके. खिसे भरून आणी. आई धुवावयास कपडे घेई, तेव्हां ते न्हाणीघरभर सांडत. ते किंचित् हंसले, आणि न्हाणीघरांतल्या पाण्याबरोबर तें दुसरें पाणी आलें असावें, कारण त्यांचे हात थरथरूं लागले. आम्हांस फाटकापर्यंत पोंचवावयास आले तेव्हां त्यांनीं विचारलें कीं, तो बोटें फिरविणारा डॉक्टर बसतो कोठें. आम्हांस ठाऊक नव्हतें. मुलीला विचारा, असें आम्हीं सांगितलें.