गोळी का थांबवली, ते आधी विचार

दौंड

चि. सोनूस,


शिरूर तालुक्यात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, मनाच्या आजाराचे पेशंट गोळ्या घेतच नाहीत, नुसतं हो हो म्हणतात." फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे त्यांच्यावर ओरडू नकोस. माणूस गोळी सोडतो तेव्हा बहुतेक वेळा ती त्याला कुठेतरी त्रास देत असते. रांजणगावला किंवा इकडे कुरकुंभला रात्रपाळी करणारा मुलगा झोपेची गुंगी आणणारी गोळी खाऊन मशीनवर उभा राहील कसा? रात्रपाळीच्या आठवड्यात तो गोळी सोडतो आणि तू रागावशील म्हणून सांगत नाही. "गोळी घेतोस ना?" असं विचारलंस तर "हो" एवढंच येणार. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचार. मग पाळी विचार, आणि गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांशी बोल.

उन्हाळा लागायच्या आधी लिथियमवरच्या पेशंटची यादी वेगळी काढ. या औषधात गुण आणि विष यांच्यात अंतर फार थोडं. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.2 हवी, 1.5 च्या वर गेली की धोका. घोड आणि भीमेच्या या पट्ट्यात एप्रिल-मेच्या उन्हात उसाला पाणी धरणारा, गुऱ्हाळात चुलवणापाशी जाळ घालणारा माणूस दिवसभर घामाने निथळतो. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. त्यात कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून खाल्लं, किंवा जुलाब-उलट्या लागल्या, की पातळी आणखी चढते. हात जोराने थरथरतात, जीभ जड होते, चालताना तोल जातो, आणि गाव म्हणतं, पिऊन आलाय. तू मात्र पुढची गोळी थांबव, डॉक्टरांना फोन कर आणि त्याच दिवशी त्याला रुग्णालयात पाठव. एरवी पाणी भरपूर, मीठ रोजच्याइतकंच, अंगदुखीला पॅरासिटामॉल. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी कुणी नव्याने लिहून दिली असेल, तर तेही डॉक्टरांना कळव. पातळी तपासायचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी देण्याआधी काढायचं. घरचे सकाळची गोळी देऊनच पेशंटला आणतात, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करत जा.

हॅलोपेरिडॉल सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, तरुण पोरांत विशेष, मान एकदम वाकडी होते, डोळे वर जातात, जबडा आखडतो. घरचे म्हणतात, बाहेरचं झालं, आणि गाडी दवाखान्याऐवजी देवर्षाकडे वळते. हा औषधाचाच परिणाम आहे आणि डॉक्टरांनी प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात उतरतो. पण तू हे आधी सांगितलेलं असेल तरच ती माणसं तुझ्याकडे येतील. मान वाकडी झाल्यावर सांगितलंस तर ती सारवासारव वाटते. सणसणून ताप, सगळं अंग ताठ आणि भान हरपलेलं, असं एकदम दिसलं तर मात्र घटकाभरही थांबायचं नाही. 108 ला फोन.

सासरी नांदणाऱ्या पोरीशी एकटीशी बोल. रिस्पेरिडोनने काहींची पाळी थांबते, छातीतून दूधही येतं. सासू समजते, दिवस गेले. पोरगीही तसंच समजते आणि बाळाला अपाय नको म्हणून गोळी बंद करते. मग आजार उलटतो. लघवीची तपासणी तुझ्या उपकेंद्रातच होते, तिथल्या तिथे करून टाक. दिवस नसतील तर हा गोळीचा परिणाम आहे, यावर उपाय निघतो, हे तिला कळायला हवं. मूल होण्याच्या वयातली बाई व्हॅल्प्रोएटवर दिसली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकरात लवकर पाठव, कारण पोटातल्या बाळाला त्याचा धोका असतो. पण ते औषध आपल्या मनाने बंद करायला सांगू नकोस. बऱ्याच पोरी सासरपासून गोळ्या लपवतात. ते गुपित तुझ्या तोंडून फुटता कामा नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने तिला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आशाताईंनाही हे बजाव.

क्लोझापिनवाल्याचा घसा दुखून ताप आला तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घे. आणि शौचाला साफ होते का, हे दर वेळी विचार, लाजू नकोस. त्या औषधाने आतडी इतकी मंदावतात की वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतील. बीडकडून आलेल्या माणसाजवळच्या गोळ्या हंगाम संपेपर्यंत पुरतीलच असं नाही. कोप्यांवर बीपी-शुगर बघायला जाशील तेव्हा हेही विचार. चिठ्ठी हरवली असेल तर गोळ्यांचं रिकामं पाकीट मागून घे, नाव त्यावरून कळतं.

नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे पेशंटला आणि घरच्यांनाही सांग. जिवाचं बरंवाईट करण्याचं ज्याच्या मनात येतं, त्याच्या हातात महिन्याच्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत. आठवड्याच्या द्यायच्या, बाकीच्या घरातल्या जबाबदार माणसाकडे. उसाच्या फवारणीची औषधंही कुलपात जाऊ देत. टेली-मानसचा 14416 हा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तूच साठवून दे. तिथे रात्रीही मराठीत बोलायला माणूस मिळतं आणि पैसे पडत नाहीत.

पुढच्या सुट्टीला येशील तेव्हा रजिस्टर घेऊन ये. गोळ्या मध्येच सोडलेल्यांची नावं दोघी मिळून पाहू.

तुझी,
मावशी