अंगठी आणि पैसा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे नाशिकला आला आहे. अंगणातला मातीचा किल्ला अर्धा राहिला आहे, आणि चिरंजीव मोबाइलवरच्या खेळातल्या एका भुयारात उतरले आहेत. दूरदूरची मुलेही त्याच वेळी त्या भुयारात हिंडत असतात म्हणे. राक्षस मारावे, पेट्या उघडाव्या, तलवारी, अंगठ्या, फुटके प्याले गोळा करावे. प्रत्येक वस्तूबरोबर तिची कथा लिहिलेली. थैली भरली की मात्र काहीतरी टाकावे लागते. परवा त्याने एक धारदार तलवार टाकली आणि गंजकी अंगठी ठेवली.

"अरे, तलवार कामाची नव्हती का?" मी विचारले.

"मामा, तलवारी पुष्कळ मिळतात. या अंगठीला गोष्ट आहे."

मला मौज वाटली. लक्ष्मीपूजनासाठी काढलेला एक जुना तांब्याचा पैसा मी त्याच्या हातावर ठेवला. लहानपणी आजोळी नांगरामागे चालताना मला तो सापडला होता. "कुठल्या शेतात?" आठवेना. "याच्यावर काय लिहिले आहे?" तेही सांगता येईना. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून मीच तो घासला होता. पैसा लखलखत होता, पण अक्षरे गेली होती. "म्हणजे गोष्ट हरवली," असे म्हणून पोराने तो परत दिला. मास्तर असून मी निरुत्तर झालो.

१९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला, चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक, सारी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. इकडे पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. माझ्या मुलाने क्षहरातांचे कुळ निर्मूल केले, असे ती माउली त्यात सांगते. नहपान त्याच कुळातला. आईने केलेले कौतुक म्हणून कोणी ते सोडून दिले असते. जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिची साक्ष काढली.

आता कल्पना करा की त्या दिवशी ज्याने त्याने मूठमूठ नाणी घरी नेली असती, सोनाराने ती आटवली असती. चांदी कुठेच गेली नसती. तिचे तोडे झाले असते, वाळे झाले असते. पण जिंकलेल्या राजाने हरलेल्याच्या नाण्यांवर आपली मुद्रा किती उमटवली, हे कोणालाच कळले नसते. गोष्ट एका नाण्यात नव्हती. ती सगळ्यांच्या एकत्र असण्यात होती, आणि सापडल्या जागेत होती.

मग सापडलेली वस्तू कोणाची? कायद्याचे उत्तर आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. पण माझा पैसा दहा रुपयांचाही नसेल. कायदा मला काही विचारणार नाही. विचारले ते पोराने. मला वाटते, वस्तू आपली होऊ शकते, गोष्ट मात्र आपल्याकडे ठेव म्हणून येते. ठेव घासून लखलखीत करायची नसते, जशीच्या तशी पुढे द्यायची असते. पोराच्या खेळात कथा वस्तूला चिकटवूनच मिळते, ती हरवायची सोय नाही. आपल्या मातीत ती सोय फार आहे.

यंदा मी पैसा घासला नाही. एका कागदावर लिहिले: "आजोळी, नांगरामागे सापडला. शेत आठवत नाही. अक्षरे माझ्या हातून गेली." चिठ्ठी पैशाबरोबर डबीत ठेवली. भाच्याने ती वाचली आणि म्हणाला, "आता याला गोष्ट आहे."

माझ्या चुकीची का होईना, पण आहे.