एलीची चूक आणि आपले वृद्ध

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:९-२०



शिलो येथे परमेश्वराच्या मंदिराच्या दाराशी एली याजक बसला आहे. समोर हन्ना प्रार्थना करीत आहे. तिचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द कानी पडत नाहीत. एवढ्यावरून एली ठरवतो की ही स्त्री मद्य प्यालेली आहे, आणि तिला दटावतो. एली दुष्ट नव्हता, अननुभवीही नव्हता. त्याने जे पाहिले ते खरे होते. त्याचा लावलेला अर्थ तेवढा खोटा होता. विचारपूस करण्यापूर्वीच त्याने निदान केले.

आपल्या घरांतील वृद्धांविषयी आपणही असेच करीत नाही काय? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. अशा घरांत दोन प्रकारच्या चुका होतात.

पहिली चूक म्हणजे आजाराला आजार न म्हणणे. किल्ली कोठे ठेवली हे कोणीही विसरतो. परंतु नेहमीच्या वाटेवर चुकणे, रोजच्या स्वयंपाकाचा क्रम न आठवणे, पैशांचा हिशेब न लागणे, शांत माणूस संशयी होणे, आणि हे महिन्यामहिन्याने वाढत जाणे, याला केवळ ‘वय झाले’ म्हणून सोडून देता येत नाही. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या स्त्रीच्या आजाराचे वर्णन मांडले, ती रुग्णालयात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात रुग्णाला समोर नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसतात. त्याला दुष्टात्म्याची बाधा ठरवून धमकावणे ही एलीचीच चूक होय. रुग्णासाठी प्रार्थना अवश्य करावी, पण त्याच्यावर आरोप ठेवू नये. शिवाय भास थांबविण्याची काही औषधे याच रुग्णांना फार अपाय करतात; म्हणून अचूक निदान अत्यावश्यक आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. विसरणाऱ्या प्रत्येकावर स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारून आशा सोडली जाते. वास्तविक थायरॉइडची कमतरता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, झोपेच्या गोळ्या, मनातले खोल नैराश्य किंवा पडल्यानंतर मेंदूभोवती साकळलेले रक्त यांमुळेही हुबेहूब तशीच लक्षणे दिसतात, आणि यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांत अचानक भ्रम झाला, तर लघवीच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गासारखे कारण असू शकते. अशा वेळी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. जोडीदाराच्या निधनानंतर अबोल झालेली विधवा कदाचित काहीच विसरलेली नसेल. तीही हन्नेप्रमाणे दुःखाने भरलेली असेल.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. स्मृतीची चाचणी प्रश्नोत्तरांची असते. मुलाकडे बंगळूरला किंवा दिल्लीला आलेल्या आजींना परक्या भाषेत प्रश्न विचारले, तर त्यांचे मौन हा आजार ठरण्याचा धोका असतो. हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी अशी चाचणी हिंदीत नव्याने रचावी लागली, ती याचसाठी. म्हणून तपासणीच्या वेळी आजींची मराठी जाणणारे कोणीतरी सोबत असावे. त्रास केव्हा सुरू झाला, कसा वाढला, याची नोंद न्यावी. घेत असलेली सर्व औषधे दाखवावीत. ऐकू येते का, दिसते का, हेही आधी तपासून घ्यावे.

एलीच्या कथेत आपल्यासाठी सांत्वनही आहे. हन्नेने नम्रपणे उत्तर दिले, तेव्हा त्याने ते ऐकून घेतले, आपले मत सोडले आणि तिला आशीर्वाद दिला. कुटुंबाने, पाळकाने आणि वैद्यानेही इतके नम्र असावे. मात्र हन्ना स्वतःची बाजू मांडू शकली. आपल्या पुष्कळ वृद्धांना ते जमत नाही. त्यांच्या वतीने आपणच बोलले पाहिजे.

आणि निदान खरोखरच स्मृतिभ्रंशाचे निघाले तर? त्याचे बहुतेक प्रकार पूर्ण बरे करणारा उपाय आजही नाही. परंतु याच अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात परमेश्वराने हन्नेची आठवण केली असे लिहिले आहे. तेथील ‘जाखर’ या मूळ इब्री क्रियापदाचा अर्थ मनात स्मरण होणे एवढाच नाही. ज्याचे स्मरण केले त्याच्यासाठी पुढे होऊन कृती करणे हाही त्यात आला. आई आपल्या लेकरांची नावे विसरेल, शिकलेली वचनेही विसरेल. तरी तिचे तारण तिच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. देव तिला विसरत नाही. त्या स्मरणाचे हात आपण व्हावे, तिला घास भरवावा, तिचा दहाव्यांदा विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकावा, यासाठी प्रभू आपणांस कृपा देवो. आमेन.